अंड्यावर रंग बसतो कसा?

2024 साली धुळवड 25 मार्चला आली आणि ईस्टर 31 मार्चला. मधे अवघे पाच दिवस. मौद्यात आमच्या शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबात ईस्टरची अंडी रंगवायची ठरली, तेव्हा घरातल्या दोन चिमुरड्यांनी धुळवडीतून उरलेली हिरव्या रंगाची पुडी पुढे केली. "काका, अंडं सोलूनच खायचं ना? मग काय होते?" असा त्यांचा सवाल.

विद्यार्थी मित्रांनो, सवाल बिनतोड वाटतो, पण अंड्याचे कवच भिंतीसारखे बंद नसते. आतल्या पिल्लाला श्वास घेता यावा म्हणून त्यात सुमारे सात ते सतरा हजार सूक्ष्म छिद्रे असतात. अंडे गरम पाण्यात सोडा. आतली हवा प्रसरण पावून बारीक बुडबुडे वर येताना दिसतील. ज्या वाटेने हवा बाहेर येते त्या वाटेने रंग आत जाऊ शकतो. कवचाला तडा असेल तर विचारायलाच नको! रंगवलेले अंडे सोलल्यावर आतल्या पांढऱ्या भागावर रंगाचे ठिपके पुष्कळदा आढळतात. धुळवडीचे रंग पोटात जाण्यासाठी केलेले नसतात. म्हणून पुडी बाजूला ठेवली आणि जिलबीत घालतात तो खाण्याचा रंग आणला.

दोन पेले गरम पाणी घेऊन दोन्हींत सारखाच रंग घातला. एकात शिवाय दोन चमचे व्हिनेगर टाकले. उकडलेली पांढरी अंडी दहा मिनिटे त्यांत बुडवून ठेवली. व्हिनेगरमधले अंडे गडद झाले, दुसरे फिकटच राहिले. असे का व्हावे?

कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असते, पण त्यावर प्रथिनांचा अतिशय पातळ लेप असतो. व्हिनेगरमधील आम्लामुळे या प्रथिनांवर धनभार येतो. खाण्याच्या रंगांच्या रेणूंवर पाण्यात बहुधा ऋणभार असतो. विजातीय भार एकमेकांना आकर्षितात, हे तुम्ही स्थिर विद्युतच्या धड्यात शिकलाच आहात. (भौतिकशास्त्र कुठे कामी येईल, सांगता येत नाही.) मात्र व्हिनेगर जास्त झाले तर ते कवचच खाऊ लागते, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात आणि रंग डागाळतो.

धाकटीच्या अंड्यावर मात्र पांढरे ठसे उमटले आणि ती रडकुंडीला आली. बाईसाहेब भजी खाऊन आल्या होत्या! तेलकट बोटे लागली तिथे रंगीत पाणी पोचलेच नाही. मग मेणबत्तीच्या तुकड्याने दुसऱ्या अंड्यावर तिचे नाव लिहून अंडे रंगात बुडवले, तेव्हा नाव पांढरे उमटले. युक्रेनमधील 'पिसांका' ही प्रसिद्ध अंडी याच तत्त्वावर, मधमाशीचे मेण वापरून रंगवतात.

बाजारचा रंग नसला तरी अडत नाही. कांद्याच्या कोरड्या सालींबरोबर अंडी उकळली की तांबूस रंग चढतो. ग्रीसमध्ये ही जुनी रीत आहे. हळदीच्या पाण्यात ती पिवळी होतात.

एक सावधगिरी मात्र घ्या. लपवलेली अंडी शोधण्याचा खेळ मुलांना फार आवडतो. पण आपल्याकडे तेव्हा उन्हाळा तापलेला असतो. हवा 32 अंश सेल्सियसच्या वर असेल, तर उकडलेले अंडे तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहिल्यास खाऊ नये. आम्ही लपवायला दगडगोटे रंगवले आणि अंडी फ्रिजमध्ये ठेवली.

हळदीच्या एका अंड्याला मोठ्याने साबणाचा हात लावला. पिवळ्यावर लाल बोटे उमटली. ती का, हे तुम्ही शोधा. घरी कुंकू कसे करत, ते आजीला विचारलेत तर उत्तर लवकर सापडेल.