एकाच हातात अडकणारे पिस्तूल

क्लबचे पॉइंट टू टू पिस्तूल चार-पाच जण आळीपाळीने वापरतात. चौघांच्या हाती ते विनातक्रार चालते आणि पाचव्याच्या हाती दर दुसऱ्या-तिसऱ्या गोळीला अडकते. मग हात दोषी ठरतो. नेमबाज लहानखुरी मुलगी असेल तर ‘मनगटात जोर नाही’ एवढ्यावर विषय मिटतो. हा निवाडा अन्यायाचा आणि बहुतेक वेळा अर्धवट असतो. अर्धस्वयंचलित पिस्तुलात नेमबाजाचा हात हा यंत्रणेचाच एक भाग आहे, आणि त्याची तपासणी स्प्रिंग किंवा मॅगझिनइतकीच बारकाईने व्हायला हवी.

गोळी सुटते तेव्हा पुंगळी मागे रेटली जाते आणि ती स्लाइडला मागे ढकलते. मागे जाताना स्लाइड पुंगळी बाहेर फेकते व स्प्रिंग दाबते; पुढे येताना मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत सारते. हा सारा फेरा सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत उरकतो. स्लाइडचा पल्ला मोजायचा तो पिस्तुलाच्या सांगाड्यापासून. हाताने सांगाडा जागच्या जागी धरला नाही आणि तोही मागे सरकला, तर स्लाइडचा पल्ला तेवढा तोकडा पडतो. पॉइंट टू टूची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम २.६ ग्रॅमची. तिच्या धक्क्यात उधळायला जोर फारसा नसतो. जड पोलादी सांगाडा स्वतःच्या वजनाने बराच स्थिर राहतो. प्लास्टिकच्या सांगाड्याची हलकी पिस्तुले हाताच्या आधारावर अधिक विसंबून असतात.

मात्र हाताकडे वळण्याआधी बाकीचे सगळे सारखे आहे का, हे पाहावे लागते. पाचव्या नेमबाजाची पाळी रोज शेवटी येत असेल, तर त्याच्या हाती येईपर्यंत पिस्तुलात शिशाची, मेणाची आणि दारूच्या काजळीची पुटे चढलेली असतात. कधी तो स्वतःच्या काडतुसांचा डबा आणतो, कधी ओठ वाकलेले एकच मॅगझिन नेमके त्याच्या वाट्याला येते. म्हणून मॅगझिनवर क्रमांक घालावेत, पिस्तूल पुसून घ्यावे आणि त्याची पाळी पहिली लावावी. त्यानंतर तेच पिस्तूल, तेच मॅगझिन आणि त्याच डब्यातली काडतुसे प्रशिक्षकाने चालवावीत व पुन्हा त्याच नेमबाजाकडे द्यावीत. निम्म्या तक्रारींचा उलगडा इथेच व्हावा.

तरीही पिस्तूल अडकले, तर घाईने स्लाइड ओढू नये. नळी लक्ष्याकडे, बोट चापाबाहेर, आणि आधी नीट पाहावे. पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी चिमटली गेली असेल, तर स्लाइड अपुरी मागे गेली होती. ती रिकाम्या नळीवर मिटली असेल आणि मॅगझिनमध्ये काडतुसे शिल्लक असतील, तरी कारण बहुधा तेच. मग मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून झाडावे. गोळी गेल्यावर स्लाइड उघडी थांबली तर पल्ला पूर्ण झाला. नाही थांबली, तर मनगट ढिले आहे किंवा अंगठा आड येतो आहे.

अंगठ्याचा तपास सोपा आहे. पिस्तूल रिकामे करून स्लाइडच्या बाजूवर आणि स्लाइड अडवणाऱ्या खटक्यावर मार्करची ओली रेघ ओढावी, रेघ वाळण्याआधी एक गोळी झाडावी आणि हात उघडून दाखवायला सांगावे. अंगठ्याच्या कडेला काळा पट्टा उमटला, तर तो स्लाइडला घासतो आहे. पेरावर डाग असेल, तर खटका दाबला जातो आहे. नेमबाजाला स्वतःला हे सहसा जाणवत नाही. धक्क्याच्या क्षणी त्वचेला एवढे बारीक कळत नाही.

अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलेल्या ब्राउनिंगच्या पिस्तुलात आणखी एक गमतीदार अडचण संभवते. त्याच्या मुठीमागे एक पट्टी असते. ती तळव्याने दाबली गेल्याशिवाय चाप सुटत नाही. अंगठे उंच ठेवून धरणाऱ्याच्या तळव्यात तिथे पोकळी राहते आणि पिस्तूल गप्प बसते. त्या पट्टीवर उंचवटा असला की प्रश्न मिटतो.

चापाचा दोषही हाताचाच. बोट पुरते पुढे सोडले नाही, तर यंत्रणा पुन्हा सज्ज होत नाही. ४ सेकंदांत ५ गोळ्या झाडायच्या २५ मीटर रॅपिड फायरमध्ये हे सहज घडते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार असा बिघाड ग्राह्य धरला जात नाही. न सुटलेल्या प्रत्येक गोळीला शून्य मिळते.

उपायात ताकदीपेक्षा रेषा महत्त्वाची. पिस्तुलाची पाठ अंगठा व तर्जनीमधल्या बेचक्यात उंच बसावी, नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका ओळीत यावेत, मनगट कुलूपबंद राहावे. मूठ मोठी पडत असेल तर लहान मापाची लाकडी मूठ बसवून ती कानशीने हाताजोगी करावी. एवढे करूनही स्लाइड तोकडी पडत असेल, तर जरा जोरकस काडतुसे वापरून पाहावीत. स्प्रिंग हलकी करणे हा शेवटचा मार्ग, आणि तो शस्त्र-कारागिराकडूनच. बदलानंतर त्याच नेमबाजाकडून ५० काडतुसे न अडकता चालली पाहिजेत, आणि पिस्तूल सामायिक असेल तर उरलेल्या चौघांकडूनही.