हमालांचे मंडळ आणि आपण सभासद



या पानावर मी दर वेळी बेणे, लागवड, खोडवा याविषयी लिहितो. आज विषय वेगळा आहे. मागच्या गट सभेत एका सभासदाने विचारले, "साहेब, पट्टीत हमाली कापतात ती कापतात, वर ही माथाडीची लेव्ही कशाला? सगळी मंडळं मुंबईला नेऊन एक करा, खर्च तरी वाचंल." सभेत हशा झाला. मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. त्याला एक मालक नसतो. सकाळी या अडतीवर, दुपारी त्या गोदामात. मग हजेरी कोणी लिहायची, फंड कोणी भरायचा? अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारात या माणसांना एकत्र केले आणि 1969 साली माथाडी कायदा झाला. व्यापारी मजुरी व तीवरची लेव्ही मंडळात भरतो. मंडळ कामगाराला पगार देते आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधपाणी पाहते. आपल्या गोदामातले साखरेचे पोते पूर्वी 100 किलोचे होते, आता 50 किलोचे आहे. पण पाठ तीच.

मंडळाची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. मालकांचे व कामगारांचे प्रतिनिधी सारखेच, शासनाचे एक तृतीयांशाहून जास्त नाहीत. धंदा आणि भाग पाहून मंडळे वेगळी करता येतात. म्हणजे पैसा भरणारा आणि ओझे उचलणारा समोरासमोर बसतात. आपण संचालक गटवार निवडतो ते तरी कशासाठी?

2018 मध्ये राज्यातील 36 मंडळांचे मिळून एकच मंडळ करण्याचा विचार शासनाने पुढे आणला. लहान मंडळाची लेव्ही थोडी, कचेरीचा खर्च मात्र तोच, हे खोटे नव्हे. तरीही माथाडींनी बंद पाळून विरोध केला आणि ते एकत्रीकरण झाले नाही.

मी हर्सूलला राहतो. जाधववाडीचा मोंढा तेथून जवळच. तेथल्या एका म्हाताऱ्या हमालमामांना मी विचारले, मुंबईला मंडळ गेले असते तर? मामा म्हणाले, "साहेब, पोरीच्या लग्नाला फंडातून रक्कम काढायची होती. कागदावर बापाचं नाव चुकलेलं. अडत्याची चिठ्ठी घेतली, दुपारी शहरातल्या कचेरीत गेलो, आठ दिवसांत काम झालं. मुंबईला जायचं म्हणजे दोन रोजाची हमाली बुडती, आन् तिथं आपल्याला वळखतं कोण?"

मात्र कचेरी जवळ असली म्हणजे कारभार आपला झाला, असेही नाही. राज्यातील अनेक मंडळांवर प्रतिनिधींच्या नेमणुका रखडल्या आणि एकट्या सरकारी अध्यक्षाने कारभार पाहिला, असे घडले आहे. मग पाटी जिल्ह्याची असून काय उपयोग? माझ्या मते खरे भांडण या रिकाम्या खुर्च्यांचे आहे, आणि ते एकट्या हमालांचे नाही. लेव्ही भरणाऱ्यानेही हिशेब मागायला हवा.

आपल्या ऊसतोडीकडे पहा. तोडणीच्या दराचा करार राज्य पातळीवर होतो. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ ठरली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या महामंडळासाठी कारखान्याने टनामागे 10 रुपये व तितकेच शासनाने द्यावयाचे आहेत. पण मजुराच्या ओळखपत्रासाठी अखेर ग्रामसेवकाकडेच जावे लागले. गावातून किती कोयते बाहेर पडले, हे त्याच्याशिवाय कोण सांगणार? आणि फडात आल्यावर मजुराचे गाऱ्हाणे ऐकायला शेतकरी, मुकादम, मजूर असे तिघे एकत्र बसतील अशी जागा आपल्याकडे अजून नाही. हा विषय मी गट सभेत मांडणार आहे.

सभेला येताना जाधववाडीची हिशोबपट्टी बरोबर आणावी. हमाली कोणाकडून किती कापली व लेव्ही कोणी भरली, ते बसून पाहू. खोडव्याच्या खताची मात्राही त्याच दिवशी सांगेन.

— ऊस विकास अधिकारी