चर्चच्या भिंतीलगतचा चर

गेल्या आठवड्यात इंग्लंडमधल्या एका खेड्यात दिवसभर एका चराकडे बघत उभी होते. तेच माझं काम!

तिथल्या मध्ययुगीन चर्चच्या भिंतींना ओल आली होती. अशा आवारात शेकडो वर्षं दफनं होत राहतात, जमीन हळूहळू वर चढते आणि चर्च खड्ड्यात बसल्यासारखं दिसू लागतं. पावसाचं पाणी मग भिंतीत मुरतं. यावरचा एक उपाय: भिंतीलगत चर खणायचा, खडी भरायची, पाण्याला वाट करून द्यायची.

पण ती माती म्हणजे गावाचं दप्तरच. चर्च ऑफ इंग्लंडच्या चर्चमध्ये अशा कामाला धर्मप्रांताची परवानगी लागते. खोदाईवर पुरातत्त्वज्ञाची नजर हवी, अशी अट त्यात बरेचदा असते. इथे ती नजर माझी.

दुपारी एका ढेकळातून बारीकशी टाचणी निघाली, हिरवी पडलेली. कफन टाचायची. कुणीतरी आपल्या माणसाला गुंडाळून ती लावली असणार. मी बराच वेळ ती तळहातावर धरून होते.

सुटी हाडं आम्ही नोंदवतो आणि आवारातच पुन्हा पुरतो. पाया किती खोल, दगड कसे रचलेत, हेही अशाच वेळी दिसतं. फोटो, मापं, आणि चर बुजतो.