आधी आरोप वाचा, मग खुलासा लिहा
विद्यार्थी आणि नियम : लेखांक ६

परीक्षागृहात कॉपीची केस नोंदवताना काय घडते, ते मागच्या आठवड्यात पाहिले. त्यानंतरचे दिवस अधिक कठीण असतात. निकाल राखून ठेवलेला असतो आणि एके दिवशी पत्र हातात पडते : गैरमार्गाचा अवलंब केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा करावा.

अशा वेळी कोणी ते पत्र घरच्यांपासून दडवतो आणि मुदत निघून जाते. कोणी मित्राकडचा माफीनामा उतरवून खाली सही करतो : ‘चूक झाली, पुन्हा होणार नाही, माफी असावी.’ नेमकी कोणती चूक झाली, हे त्यात कुठेच नसते. त्यामुळे न केलेली गोष्टही कबूल केल्यासारखी होते. अशी सही पुढे सुनावणीत तुमच्याच विरोधात उभी राहते.

आपली बाजू मांडू देणे ही कोणाची मेहेरबानी नाही. उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाने काही विद्यार्थ्यांचे म्हणणे न ऐकताच त्यांचे निकाल रद्द केले होते. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अशी शिक्षा करणाऱ्या समितीने विद्यार्थ्याला बाजू मांडण्याची संधी दिलीच पाहिजे. महाराष्ट्रात सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ४८ प्रमाणे परीक्षा व मूल्यमापन मंडळ अशा प्रकरणांसाठी चौकशी समिती नेमते. तुमचा खुलासा तिच्यापुढे जातो.

पण ही चौकशी म्हणजे फौजदारी खटला नव्हे. दहावीच्या गुणांमधील फेरफाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये महाराष्ट्राच्या मंडळाची बाजू उचलून धरली. अशा चौकशीत गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागत नाही. समोरच्या पुराव्यावरून जे अधिक संभवनीय दिसते, ते ग्राह्य धरले जाते. म्हणून ‘सिद्ध करून दाखवा’ म्हणत गप्प बसणे धोक्याचे. तुमच्या बाजूचे तपशील तुम्हालाच मांडावे लागतात.

सुरुवात आरोपाच्या वाक्यापासून करा. चिठ्ठी जवळ बाळगणे, तिच्यावरून उत्तर लिहिणे आणि ती दुसऱ्याला पुरवणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्यावर यातला कोणता आरोप आहे? मग लेखी अर्ज करून पर्यवेक्षकाचा अहवाल, जप्त केलेल्या कागदाची प्रत, तुमचा त्या दिवशीचा जबाब आणि उत्तरपत्रिकेची प्रत मागा. तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले आहे.

समजा, बाकाखाली चिठ्ठी सापडली. ‘मी निर्दोष आहे’ एवढेच लिहून भागत नाही. बैठक क्रमांक कोणता, चिठ्ठी कोणाच्या बाकाजवळ होती, अक्षर कोणाचे, तिच्यातला मजकूर त्या दिवशीच्या प्रश्नांशी जुळतो का, उत्तरपत्रिकेत तो उतरला आहे का, हे मुद्दे क्रमाने लिहा. वेळ आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असेच लिहा. खुलासा एका पानात मावला तर उत्तम. तो आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. मुदत अपुरी वाटत असेल, तर ती संपण्याआधीच वाढवून मागा.

प्रबंधातील वाङ्मयचौर्याचा आरोप वेगळा हाताळावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा सांगत नाहीत. १० ते ४० टक्के साम्य असेल, तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. मात्र श्रेयासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, कायद्यांचा मजकूर आणि प्रमाण समीकरणे या मोजणीत धरायची नाहीत. म्हणून सॉफ्टवेअरचा आकडा पाहून घाबरू नका. रंगवलेला प्रत्येक परिच्छेद उघडून पाहा. जुने मसुदे, टिपणांच्या वह्या, मार्गदर्शकांशी झालेले ईमेल जोडा. काम तुमचे असेल, तर ते कसे वाढत गेले याच्या खुणा त्यात सापडतात. वर्गातील असाइनमेंट, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका या विनियमांत येत नाहीत. तिथे कॉलेजचा नियम लागू होतो. तो मागून घ्या.

आणि चूक खरोखर झाली असेल तर? मग तेवढीच, पण पूर्ण कबूल करा. ‘चिठ्ठी माझी होती, एका प्रश्नासाठी वापरली’ या वाक्यात धैर्य आहे आणि समितीला प्रमाणशीर शिक्षा ठरवायला त्याचा आधारही मिळतो. मित्रावर ढकलू नका. खोटा वैद्यकीय दाखला तर मुळीच जोडू नका. त्याने एका चुकीच्या दोन होतात.

पत्र आले त्याच संध्याकाळी घरी सांगा. आई-बाबांनो, तुम्हालाही विनंती आहे : पहिला प्रश्न ‘असं का केलंस?’ हा नको. ‘पत्रात काय लिहिलंय, वाच बरं,’ असे म्हणा आणि शेजारी बसा. घाबरलेल्या मुलाला खरे नीट मांडता येत नाही, आणि या खुलाशात खरे नीट मांडणे हेच तर सगळे काम आहे.

(पुढील आठवड्यात : सुनावणीच्या खोलीत)