प्लॅस्टिकचे तडे : नुकसान की नवा माल?

रमजान ईदच्या तोंडावर आमच्या एका अत्तरविक्रेत्या स्नेह्याने दुकानातील अ‍ॅक्रिलिकच्या मांडण्या स्पिरिटने पुसून लखलखीत केल्या. थोड्याच वेळात स्क्रूच्या भोकांभोवती आणि वाकवलेल्या कडांवर केसासारख्या बारीक रेषा उमटल्या. खोटा माल दिला म्हणून तो पुरवठादाराशी कडाकडा भांडला. माल खोटा नव्हता, पुसण्याचे द्रव चुकीचे होते.

कापलेल्या, वाकवलेल्या किंवा स्क्रूने आवळलेल्या प्लॅस्टिकच्या पोटात ताण कोंडलेला असतो. नुसता ताण ते सोसते. नुसत्या स्पिरिटनेही ते विरघळत नाही. दोन्ही एकत्र आले की मात्र काम बिघडते. तडा जायचा म्हणजे आत नवा पृष्ठभाग तयार व्हायचा आणि त्याला ऊर्जा लागते. योग्य द्रव त्या पृष्ठभागाला भिजवून ही ऊर्जा कमी करते. घन पदार्थांवरचा हा परिणाम रशियन शास्त्रज्ञ रेबिंदर यांनी १९२८ साली मांडला. पॉलिथिनच्या कॅनला साबणाच्या पाण्याने तडे जातात, त्यामागेही ताण आणि द्रवाची हीच जोडी असते. म्हणून डिटर्जंट भरण्यासाठी कॅन बनवणाऱ्यांनी दाण्याची प्रत पारखूनच घ्यावी.

गंमत अशी की, या रेषा म्हणजे सुरुवातीला खऱ्या भेगा नसतातच. भेगेच्या दोन काठांना प्लॅस्टिकचेच असंख्य धागे जोडून धरतात. धाग्याची जाडी सुमारे १० नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या काही हजाराव्या हिश्श्याएवढी. धाग्यांमधल्या पोकळ्याही तशाच सूक्ष्म, आणि त्या द्रवाने भरलेल्या. मॉस्को विद्यापीठातील वोलिन्स्की आणि बाकेयेव यांनी याच दोषाचा हुन्नर केला. या विषयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९९५ साली निघाला.

पद्धत ऐकायला सोपी आहे. न ताणलेली पॉलिएस्टरची फिल्म किंवा धागा अल्कोहोलमध्ये बुडवून हळूहळू ताणायचा. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन असेल तर हेप्टेनसारखे द्रव घ्यायचे. द्रवाने प्लॅस्टिक भिजले पाहिजे, विरघळता कामा नये. लांबी दुप्पट-तिप्पट होईपर्यंत पोकळ्या वाढत जातात आणि निम्म्याच्या आसपास जागा पोकळ होऊ शकते. लोभाने आणखी ताणले तर धागे एकमेकांना चिकटतात आणि पोकळ्या मिटतात. पाण्याच्या बाटलीचा तुकडा घेऊन हा प्रयोग करू पाहणाऱ्याची निराशा होईल, कारण बाटलीचे अंग कारखान्यातच ताणलेले असते.

धंद्याच्या दृष्टीने खरी किंमत या पोकळ्यांत काय भरता येते याची आहे. द्रवात रंग विरघळवलेला असेल तर तो द्रवाबरोबर आत शिरतो. मग सुकवले की पोकळ्या आकसून बंद होतात आणि आतला पदार्थ कोंडला जातो. रंगाऐवजी आग रोखणारे द्रव्य, जंतुनाशक किंवा चांदीचा क्षार घालता येतो. चांदीच्या क्षारावर आतच रासायनिक क्रिया करून धातूचे सूक्ष्म कण तयार करता येतात. एरवी प्लॅस्टिकशी मिसळायला तयार नसलेले पदार्थही अशा रीतीने एकत्र नांदतात. उलट पोकळ्या उघड्या हव्या असतील, तर धागा आकसू न देता उष्णतेने पक्का करावा लागतो.

भिवंडी-मालेगावच्या आमच्या बंधूंनी रंगाचा मुद्दा नीट लक्षात घ्यावा. पॉलिएस्टर रंगवायला सहसा १३० अंश तापमान आणि दाबाचे यंत्र लागते, म्हणजे बॉयलर आणि इंधन आलेच. पॉलिप्रॉपिलीन तर रंग जवळजवळ धरतच नाही. तो धागा काढतानाच दाण्यात मिसळावा लागतो. द्रवात ताणून मात्र साध्या तापमानाला रंग आत नेता येतो. पण विणलेल्या कापडाला ही युक्ती लागू नाही. जिथे धागा काढून ताणला जातो तिथेच ती बसवावी लागते. त्यामुळे यंत्रमागवाल्यापेक्षा सूत बनवणाऱ्याने तिचा विचार आधी करावा.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. अल्कोहोल आणि हेप्टेन दोन्ही झटकन पेट घेतात. उडालेले द्रव थंड करून परत मिळवले नाही तर हिशेब बसत नाही आणि कामगारांचा जीवही धोक्यात येतो. बंदिस्त यंत्रणा, परवाना आणि अग्निशमनाची सोय यांवाचून गाळ्यात हा उद्योग कोणी मांडू नये. ताणण्याचा वेग, द्रव आणि धाग्याची जात बदलली की सगळे प्रमाण बदलते. तेव्हा आधी एखाद्या वस्त्र-रसायन संस्थेकडून नमुना करून घ्यावा.

आमचा तो स्नेही आता मांडण्या सौम्य साबणाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसतो. रेषा पडलेल्या मांडण्या त्याने विकायला काढल्या, तेव्हा दोष गिऱ्हाइकाला आधी दाखवला आणि भाव निम्मा केला.