शास्त्राच्या कपाटात पालकांचा एक कप्पा

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आपण श्रुतपंचमी साजरी करतो. आचार्य धरसेनांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना दिलेले ज्ञान षट्खंडागमाच्या रूपाने लिहून पूर्ण झाले, त्या दिवसाचे हे स्मरण. तोपर्यंत आगमज्ञान गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानी जात असे. स्मरणशक्ती क्षीण होत चालली आहे आणि आपल्यामागे हे ज्ञान लोप पावेल, ही चिंता आचार्यांना वाटली, म्हणून ते ग्रंथबद्ध झाले. श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी येते. त्या दिवशीही पोथ्या बाहेर काढल्या जातात, त्यांची झाडपूस होते, पूजा होते. मौखिक ज्ञानाची साखळी तुटू लागली की ते लिहून ठेवावे आणि जपावे, ही शिकवण आपल्या दोन्ही परंपरांनी दिली आहे.

अशीच एक साखळी आज आपल्या घरांत तुटते आहे. ती आहे मुले वाढवण्याच्या ज्ञानाची.

बारामती-इंदापूर रस्त्यावरील अंथुर्णे गाव डोळ्यांसमोर आणावे. चहूकडे उसाची शेती, जवळच शेठ वालचंद हिराचंद यांच्या नावाचे वालचंदनगर. बारामती, फलटण, नातेपुते, इंदापूर या पट्ट्यात हुमड आणि ओसवाल समाजाची घरे पिढ्यान्‌पिढ्या व्यापार व शेती करीत आली आहेत. एकेकाळी अशा घरात तीन पिढ्या एकत्र नांदत. मूल जेवेना, हट्टाने जमिनीवर लोळू लागले, रात्री दचकून उठू लागले, तर आजी, काकू, आत्या यांपैकी कोणी ना कोणी पुढे होई. तरुण आईला पुस्तकाची गरज भासत नसे, कारण अनुभवाचे चालतेबोलते ग्रंथ घरातच होते. आता मुलगा-सून पुण्यात, आजी-आजोबा गावात, अशी विभागणी झाली. जी तरुण जोडपी गावातच राहिली, त्यांचाही दिवस दुकान, शेती आणि शाळेच्या बसच्या वेळा सांभाळण्यात सरतो. शिवाय आजीच्या अनुभवाच्या कक्षेत न बसणारे प्रश्न उभे राहिले आहेत. अक्षरे उलटी दिसणारे मूल, मोबाइल काढून घेताच अंगावर धावून येणारे मूल, तिसरे वर्ष उलटले तरी न बोलणारे, नजरेला नजर न देणारे मूल. यांविषयी विचारायचे कोणाला?

अशा वेळी पालक पुस्तकाकडे वळतात आणि अडचण तिथेच सुरू होते. छोट्या गावातील दुकानात पाठ्यपुस्तके, वह्या आणि मार्गदर्शिका मिळतात. पालकांसाठीचे पुस्तक क्वचितच दिसते. त्यासाठी बारामती किंवा पुणे गाठावे लागते. तिथे गेल्यावर समोर ढीग असतो तो मुलाला अल्पावधीत हुशार, आज्ञाधारक, यशस्वी करण्याची हमी देणाऱ्या पुस्तकांचा. थकलेल्या आई-वडिलांना हमी गोड वाटते. मात्र जे पुस्तक मुलाला न पाहता हमी देते, ते मुलाविषयी काहीच सांगत नसते, हे ध्यानी ठेवावे.

योग्य पुस्तक योग्य वेळी हाती आले तर काय घडू शकते, याचे उदाहरण गुजरातेत घडले आणि त्याचे फळ महाराष्ट्राला लाभले. गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील होते. १९१३ साली त्यांना पुत्र झाला आणि या मुलाला कसे वाढवावे, हा प्रश्न त्यांना सतावू लागला. त्या शोधात त्यांची गाठ मोतीभाई अमीन यांच्याशी पडली. अमीन हे बडोदा संस्थानातील ग्रंथालय चळवळीचे मोठे कार्यकर्ते. त्यांच्याकडून गिजुभाईंना मारिया माँटेसरी यांच्या शिक्षणपद्धतीवरील पुस्तक मिळाले. त्या वाचनाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. पुढे वकिली सोडून त्यांनी १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. तिथेच त्यांना ताराबाई मोडक येऊन मिळाल्या. ताराबाईंनी हे कार्य मराठी मुलखात आणले, बोर्डी आणि कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांसाठी अंगणवाडीचा पाया घातला. एका बापाला पडलेला प्रश्न आणि एका ग्रंथालय कार्यकर्त्याने पुढे केलेले पुस्तक, एवढ्यातून हे उभे राहिले. पुस्तक शोधणाऱ्या इतकेच महत्त्व ते हाती ठेवणाऱ्याला आहे.

मग कोणते पुस्तक हाती ठेवावे? याचे उत्तर प्रश्नावर अवलंबून आहे. ‘मुलगा ऐकत नाही’ हा प्रश्न फार मोघम आहे. केव्हा ऐकत नाही, कोणाचे ऐकत नाही, त्याआधी काय घडलेले असते, हे आठ दिवस वहीत टिपून ठेवावे. पुष्कळदा या टिपणातूनच खरा प्रश्न वर येतो आणि त्यावरून पुस्तक ठरवता येते.

मूल लहान आहे, हट्ट करते, घरात रोज ओढाताण होते, अशा घरासाठी शोभा भागवत यांचे ‘आपली मुलं’ हे पुस्तक जवळचे वाटेल. पुण्याच्या गरवारे बालभवनात असंख्य मुले आणि पालक त्यांनी जवळून पाहिले. त्यामुळे त्यांच्या लेखनात उपदेशापेक्षा निरीक्षण अधिक आहे. मूल शाळेत रमत नाही, शिक्षकांच्या तक्रारी येतात, तर गिजुभाईंचे ‘दिवास्वप्न’ आणि तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ वाचावे. पहिल्याच इयत्तेत शाळेतून काढलेली ही जपानी मुलगी रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या तोमोए शाळेत येते आणि मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्या दिवशी चार तास केवळ तिचे बोलणे ऐकून घेतात. आपण आपल्या मुलाचे सलग चार मिनिटे तरी ऐकतो काय, हा प्रश्न वाचकाला पडल्यावाचून राहत नाही. या पुस्तकाचा चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केला आहे आणि तो परवडणारा आहे.

मुलगा खोटे बोलतो, घरातील पैसे उचलतो, संगत बिघडली आहे, अशा वेळी समाजात नाव जाईल या भीतीने पालक एकटे पडतात. त्यांनी रेणू गावस्कर यांचे ‘आमचा काय गुन्हा?’ वाचावे. मुंबईच्या डेव्हिड ससून औद्योगिक शाळेतील, समाजाने गुन्हेगार ठरवलेल्या मुलांसोबतचे त्यांचे अनुभव त्यात आहेत. त्या मुलांपर्यंत जर विश्वासाने पोहोचता येते, तर आपल्या घरातील मुलापर्यंत का येणार नाही? याशिवाय डॉ. संजीवनी कुलकर्णी यांनी १९८७ साली पुण्यात सुरू केलेले ‘पालकनीती’ हे मासिक आहे. एक पुस्तक एकदाच वाचून होते. मासिक मुलाच्या वयाबरोबर पुढे चालत राहते.

आता एका नाजूक विषयाकडे वळू. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाविषयी आपल्या घरांत एक वाक्य सहज उच्चारले जाते: ‘याचे ज्ञानावरणीय कर्मच भारी आहे.’ बोलणाऱ्याचा हेतू सांत्वनाचा असेलही. पण त्या वाक्यानंतर शोध थांबतो. पुस्तक आणले जात नाही, तपासणी होत नाही, मुलाची वर्षे मात्र निघून जातात. शास्त्राच्या दृष्टीनेही हे वाक्य तपासून घ्यावे. कोणत्या जीवावर कोणत्या कर्माचे आवरण किती, हे सर्वज्ञच जाणतात. ते ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. उलट तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात, दुसऱ्याच्या ज्ञानप्राप्तीत अंतराय आणणे हे ज्ञानावरणीय कर्माच्या आस्रवाचे एक कारण सांगितले आहे. मुलाला ‘मठ्ठ’ म्हणून त्याची शिकण्याची उमेद मोडणारा पालक कोणाचे आवरण वाढवीत असतो, याचा विचार ज्याने त्याने करावा.

शिवभूती मुनींची कथा आपण पाठशाळेत ऐकलेली असते. गुरूंनी दिलेले लहानसे वचनही त्यांच्या स्मरणात राहत नव्हते. डाळ आणि टरफल वेगळे करणारी एक स्त्री पाहून त्यांना देह आणि आत्मा यांचे भिन्नत्व उमगले. ‘तुषमाष’ एवढेच घोकणाऱ्या त्या मुनींना केवलज्ञान झाले. श्वेतांबर परंपरेत हीच आठवण माषतुष मुनींच्या नावाने सांगितली जाते. पाठांतर न होणे म्हणजे ज्ञानाची योग्यता नसणे नव्हे, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी कथा आपल्या घरी असताना आपण प्रगतिपुस्तकावरून मुलाची पारख करावी, हे उचित नाही.

वाचनात अडखळणारे, अक्षरांची उलटापालट करणारे, पण तोंडी उत्तरे चोख देणारे मूल ‘डिस्लेक्सिया’ या अध्ययन अक्षमतेचे असू शकते. २००७ सालच्या ‘तारे जमीं पर’ या चित्रपटाने हा शब्द घरोघरी पोहोचवला. या मुलांची बुद्धी कमी नसते. लिखित अक्षर ओळखण्याची त्यांची वाट निराळी असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये नोंदलेल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता या दोहोंचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत सवलती मिळू शकतात.

इथे पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. पुस्तक शंका घ्यायला शिकवते. निदान तज्ज्ञानेच करायचे असते. तिसऱ्या वर्षीही न बोलणारे मूल, अचानक गप्प झालेली किशोरवयीन मुलगी, जगण्याविषयी निराशेचे बोलणारा मुलगा यांच्याबाबतीत पुस्तक वाचून संपेपर्यंत थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्यातील वैद्यकीय पथके अंगणवाडी व सरकारी शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात आणि गरजेनुसार पुढील उपचारांसाठी पाठवतात. अंथुर्णे परिसरातील पालकांना बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. ‘टेली मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य बोलता येते. घरच्या अब्रूच्या काळजीने ज्यांना बाहेर विचारणे अवघड वाटते, त्यांना ही सोय विशेष उपयोगी आहे.

पुस्तक निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. लेखकाने मुलांमध्ये प्रत्यक्ष काम केले आहे काय? त्यात मुलाचा धाक, अपमान किंवा मार यांचे समर्थन तर नाही ना? आणि सारा दोष आईच्या माथी तर मारलेला नाही ना? शिक्षणहक्क कायद्याने २००९ सालीच शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली. अहिंसा हा ज्यांचा परम धर्म, त्यांच्या घरातील पुस्तकाने त्या कायद्याहून मागे असू नये.

वाचण्याचीही एक रीत आहे. पुस्तक आई आणि वडील दोघांनी वाचावे. एकाने वाचून दुसऱ्याला सुनावले, तर घरात नवा वाद तेवढा सुरू होतो. एका वेळी एकच गोष्ट निवडून पंधरा दिवस आचरणात आणावी. रात्री प्रतिक्रमणाला बसताना आपण दिवसभरातील आपल्या दोषांचे स्मरण करतो. त्यात मुलावर काढलेला राग आणि त्याला न दिलेला वेळ यांचाही समावेश करावा. क्षमावाणीच्या अथवा संवत्सरीच्या दिवशी गावभर ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणणाऱ्या वडिलांनी घरातील दहा वर्षांच्या मुलाकडेही एकदा मनापासून क्षमा मागून पाहावी. त्या एका शब्दाने जे साधेल, ते अनेक पुस्तकांनी साधणार नाही.

शेवटी एक विनंती. आपल्या मंदिरांत आणि स्थानकांत शास्त्रांची कपाटे आहेत. त्यांतील एक कप्पा पालकांसाठी राखून ठेवावा. दहा-बारा निवडक पुस्तके आणि एक मासिक एवढ्याने आरंभ होईल. त्याचा खर्च एका प्रभावनेच्या खर्चाहून फारसा अधिक नाही. मुलाच्या वाढदिवशी किंवा पुण्यस्मरणानिमित्त त्यात एकेका पुस्तकाची भर घालता येईल. महिला मंडळाने महिन्यातून एकदा एका प्रकरणाचे सामूहिक वाचन ठेवावे आणि त्यास पुरुषांनाही बोलवावे. हा कप्पा गावातील सर्व जातिधर्मांच्या पालकांना खुला असावा, कारण रात्री झोप उडालेल्या आईचा प्रश्न सर्वत्र एकच असतो. जिथे हे जमणार नाही, तिथे तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात या पुस्तकांची मागणी तरी नोंदवावी.

येत्या श्रुतपंचमीला किंवा ज्ञानपंचमीला शास्त्रांची पूजा झाल्यावर या कप्प्याचा आरंभ करावा. पुस्तके नेल्याची नोंद करण्यासाठी शेजारी एक साधी वही ठेवावी. वर्षाअखेर ती वही किती भरली, यावरून आपल्या ज्ञानपूजेचे मोल कळेल.