पंचगंगेतला अनुस्वार आणि इंग्रजीचे उपसर्ग

कोल्हापुरात राजारामपुरीच्या नंबरांच्या गल्ल्यांत शिकवण्यांना तोटा नाही. इंग्रजीच्या तासाला विरुद्धार्थी शब्दांची यादी ठरलेलीच: करेक्ट-इनकरेक्ट, पॉसिबल-इम्पॉसिबल, लीगल-इल्लीगल, रेग्युलर-इर्रेग्युलर. मुलं ती घोकतात. एका ‘नाही’साठी चार उपसर्ग कशाला, हे कुणी सांगत नाही.

उपसर्ग मुळात एकच, लॅटिनमधून आलेला ‘इन’. ‘प’ किंवा ‘म’ म्हणायला ओठ मिटावे लागतात. तोंड त्याची तयारी एक ध्वनी आधीच करतं आणि ‘न’चा ‘म’ होऊन बसतो. ‘ल’ आणि ‘र’ पुढे आले, तर तो त्यांच्यातच मिसळून जातो.

कोल्हापूरचं पोर हे रोज करतं. ‘पंचगंगा’ सावकाश म्हणून बघा. लिहिताना दोन्ही टिंबं सारखीच. पण ‘पंच’ म्हणताना जिभेचा मधला भाग टाळूला टेकतो, ‘गंगा’ म्हणताना जिभेची मागची बाजू वर उचलली जाते. आता ‘अंबाबाई’ म्हणा, ओठ मिटलेच. पुढच्या व्यंजनाच्या जागेवरून अनुस्वाराचा उच्चार ठरतो. पाणिनीने अष्टाध्यायीत हाच नियम ‘परसवर्ण’ म्हणून बांधून ठेवला आहे. रोमन लिपीत हा बदल अक्षरातून दिसतो, म्हणून तो पाठ करायचा विषय वाटतो. देवनागरीत तो टिंबात दडतो, म्हणून आपल्याला त्याचा पत्ताच नसतो.

इंग्रजीच्या उपसर्गांशी आपलं नातं याहूनही जवळचं आहे. संस्कृतात व्यंजनापुढे ‘अ’ लागतो, स्वरापुढे ‘अन्’: अज्ञान, पण अनादर. ग्रीकचीही रीत हीच, म्हणून ‘एथिस्ट’मध्ये नुसता ‘अ’ आणि दवाखान्यातल्या ‘अ‍ॅनिमिया’त ‘अन’. लॅटिनचा ‘इन’, इंग्रजीचा ‘अन’ आणि आपला ‘अन्’ एकाच इंडो-युरोपीय पूर्वजाची लेकरं. फारसीचा ‘ना’ही याच कुळातला. राजाराम कॉलेजात शिकवून गेलेल्या माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये ‘फार्सी-मराठी कोश’ दिला. फारसीतून आपण किती घेतलं ते त्यात दिसतं. पण ‘ना’ला इंग्रजी ‘पास’ जोडून ‘नापास’ घडला तो आपल्याकडेच. मला हा शब्द फार आवडतो.

मेंदूही उपसर्ग वेगळा काढून बघतो. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियात मार्कस टाफ्ट आणि केनेथ फॉर्स्टर यांनी लोकांना अक्षरांचे गट दाखवून ‘हा शब्द आहे की नाही’ एवढंच विचारलं. ‘रिजुव्हिनेट’मधला ‘रि’ काढून उरलेला ‘जुव्हिनेट’ हा शब्द नव्हे, आणि ‘रेपर्टवार’चं शेपूट ‘पर्टवार’ हाही नव्हे. तरी ‘जुव्हिनेट’ला ‘नाही’ म्हणायला लोकांना जास्त वेळ लागला. ‘रिजुव्हिनेट’मधला ‘रि’ खराखुरा उपसर्ग आहे, ‘रेपर्टवार’मधला नाही. उपसर्ग सोलून उरलेला धातू डोक्यात स्वतंत्र नोंदलेला असतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. यादी पाठ करून घेण्यापेक्षा शब्द फोडायला शिकवावं, असं मला आग्रहाने वाटतं ते यामुळेच.

फोडताना एक जपायला हवं. महामार्गावर इंधनाच्या टँकरवर ‘हायली इन्फ्लॅमेबल’ लिहिलेलं असतं. तिथला ‘इन’ही लॅटिनचाच, पण नकाराचा नव्हे, ‘आत’ या अर्थाचा दुसरा. इन्फ्लॅमेबल म्हणजे चटकन पेट घेणारं. उलटा अर्थ लावल्याने कुणाच्या जिवावर बेतू नये, म्हणून सुरक्षेच्या सूचनांत ‘फ्लॅमेबल’ हा शब्द मुद्दाम रूढ केला गेला. अर्थ दोन्हींचा एकच.